तांबं की ॲल्युमिनियम? घराची आणि कारखान्याची वायर ठरवताना

माझा धाकटा भाऊ जुळे सोलापूरला घर बांधतोय. पूर्व भागातल्या त्याच्या टॉवेलच्या कारखान्यातली जुनी वायरिंगही याच उन्हाळ्यात बदलायची होती. वायरमननं दोन गुंडाळ्या पुढ्यात ठेवल्या आणि म्हणाला, "ताई, करंट जायचा तर दोन्हीतनं जातो की. पैसे किती घालायचे तेवढं सांगा." मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून निर्णय माझ्याकडे आला. तुमच्याही घरी हाच प्रश्न असेल तर मी कसा विचार केला ते सांगते.

वायरमनचं म्हणणं खरं आहे, करंट दोन्हीतून जातो. तो का जातो हे अणूत बघावं लागतं. तांब्याच्या अणूत 29 इलेक्ट्रॉन असतात आणि कक्षांमध्ये ते 2, 8, 18, 1 असे बसतात. शेवटचा एकटा इलेक्ट्रॉन केंद्रापासून लांब असतो आणि त्याच्यावरची पकड सैल असते. असे असंख्य अणू शेजारी शेजारी आले की तो इलेक्ट्रॉन कुण्या एका अणूचा राहत नाही, सगळ्या तुकड्याचा सामाईक होतो. दोन टोकांना विजेचा दाब (व्होल्टेज) दिला की हे मोकळे इलेक्ट्रॉन सरकू लागतात, तोच करंट. वायरवरच्या पीव्हीसीत मात्र प्रत्येक इलेक्ट्रॉन बंधात अडकलेला असतो. सरकायला मोकळं कुणी नाही, म्हणून आपण ती वायर हातात धरू शकतो.

आता ॲल्युमिनियम. त्यात 13 इलेक्ट्रॉन, मांडणी 2, 8, 3. म्हणजे बाहेरच्या कक्षेत एकाऐवजी तीन. दरवर्षी वर्गात कुणीतरी विचारतंच, मग ॲल्युमिनियम जास्त चांगलं वाहक नको का? प्रश्न अगदी रास्त आहे. एक घनमीटर तांब्यात मोकळे इलेक्ट्रॉन साधारण 8.5 × 10²⁸ असतात आणि ॲल्युमिनियममध्ये त्याच्या दुपटीहून जास्त. तरीही तांब्याची वाहकता 100 धरली, तर ॲल्युमिनियमची 61 च्या आसपास येते. तांब्याला 100 धरण्याची ही पद्धत 1913 पासून चालत आली आहे.

जानेवारीत सोलापुरात भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावरून बाहेर पडायचं असलं की हे कळतं. माणसं दुप्पट आहेत म्हणून फाटकातून दुप्पट बाहेर पडत नाहीत. कोण किती वेळा अडखळतो, त्यावर सगळं ठरतं. धातूत इलेक्ट्रॉनांना अडखळायला लावतात ती अणूंची थरथर आणि मधल्या अशुद्धी. तांब्यात दोन अडखळींमधला काळ ॲल्युमिनियमच्या तिपटीच्या आसपास असतो. इलेक्ट्रॉन कमी असूनही तांबं पुढे जातं ते यामुळे. बाहेर किती इलेक्ट्रॉन आहेत एवढंच मोजून थांबलं तर उत्तर चुकतं, आणि बऱ्याच मुलांचं तिथंच चुकतं.

घरात या 61 चा अर्थ काय? मीटरपासून 15 मीटरवर 2 किलोवॅटचा गिझर आहे असं धरा. करंट साधारण 9 अँपिअर, जाण्यायेण्याची मिळून वायर 30 मीटर. बाजारात जिला नुसतं 'अडीचची' म्हणतात ती अडीच चौरस मिलिमीटरची वायर तांब्याची असेल तर वायरमध्येच सुमारे 17 वॅट उष्णता होऊन जातात. त्याच जाडीच्या ॲल्युमिनियममध्ये सुमारे 27. आकडा छोटा वाटेल, पण ही उष्णता भिंतीतल्या बंद पाइपात तयार होते आणि वर आपल्या सोलापूरचा मे महिना असतो. धातू तापला की अणूंची थरथर वाढते. 20 अंशांना मोजलेला रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, 45 अंशांना सुमारे 10 टक्के जास्त भरतो. हे दोन्ही धातूंना जवळपास सारखंच लागू आहे, त्यामुळे उन्हाळा या निवडीत कुणाची बाजू घेत नाही. वायर एक माप जाड घ्यायला मात्र तो नक्की सांगतो.

ॲल्युमिनियमची बाजूही नीट मांडायला हवी. अडीचच्या तांब्याचं काम चारचं ॲल्युमिनियम करतं, आणि जाडी वाढूनही वजन निम्म्याच्या आसपास राहतं, कारण तांब्याची घनता 8.96 तर ॲल्युमिनियमची 2.7. किंमत तर कितीतरी कमी. म्हणून लांब अंतरावर तेच जिंकतं. 31 डिसेंबर 2013 ला रायचूर-सोलापूर ही 765 केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचं वीजजाळं देशाच्या बाकीच्या जाळ्याला जोडलं गेलं. असल्या उच्चदाब वाहिन्यांच्या तारा ॲल्युमिनियमच्या असतात, ताण सोसायला बहुधा मध्ये पोलादाचा गाभा. एवढं तांबं मनोऱ्यांवर टांगायचं तर मनोरेच किती भक्कम लागतील! ॲल्युमिनियम हलक्या प्रतीचं म्हणणाऱ्यांनी एकदा शहराबाहेर पडून वर बघावं.

मग घरात ते का नको? माझ्या मते सगळं जॉइंटवर येऊन ठरतं. उघड्या ॲल्युमिनियमवर हवा लागताच ऑक्साइडचा पातळ थर चढतो. त्या थरात ॲल्युमिनियमचे तिन्ही इलेक्ट्रॉन ऑक्सिजनशी बांधले जातात. म्हणजे ज्यांच्या जोरावर धातू वाहक होता तेच अडकतात, आणि थर विद्युतरोधक होतो. तांब्यावरही थर येतो, पण तो इतका हट्टी नसतो. दुसरं म्हणजे ॲल्युमिनियम तापल्यावर तांब्यापेक्षा जास्त फुगतं आणि स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू पसरतं. रोज गिझर लागतो, बंद होतो, वायर फुगते, आखडते आणि स्क्रू सैल पडतो. सैल जागी रोध वाढतो, रोधानं ती जागा तापते, तापल्यानं आणखी सैल होते. अमेरिकेत 1960 च्या दशकात तांबं महागल्यावर घरोघरी ॲल्युमिनियम घातलं गेलं आणि नंतर नेमका हाच त्रास निघाला. शिवाय बारीक ॲल्युमिनियम चार वेळा वाकवलं की तुटतं, आणि स्विचच्या बोर्डात वाकवल्याशिवाय काही होत नाही.

कारखान्यात तर याहून वाईट. माग दिवसभर जमीन हादरवतात, त्या हादऱ्यानं चांगला आवळलेला स्क्रूही ढिला होतो. वर सगळीकडे सुताचे तंतू उडून बसलेले. तापलेला जॉइंट आणि त्यावर कापसाचा थर, हे शेजारी नकोत. मागाजवळ, स्टार्टरमध्ये, बोर्डात तांबंच घाला, इथे पैसे वाचवू नका.

पण मीटरपासून मागच्या शेडपर्यंतची चाळीस मीटरची केबल? तिथे जॉइंट फक्त दोन टोकांना. जाड ॲल्युमिनियम केबल चालते आणि बराच पैसा वाचतो. अट एकच. टोकांना बायमेटल लग (एका बाजूला ॲल्युमिनियम, दुसऱ्या बाजूला तांबं असलेली जोडटोकं) घालून मशीननं दाबून घ्यायचे. ॲल्युमिनियमची तार तांब्याच्या तारेला नुसती पिळून कधीही जोडू नका. ओल लागली की त्या दोन धातूंची बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि ॲल्युमिनियम कुरतडलं जातं.

बाजारात तिसरी एक वायरही मिळते, तिला फसू नका. वरून तांब्याचा मुलामा, आत ॲल्युमिनियम. ब्लेडनं टोक खरवडलं की पांढरं दिसतं. गुंडाळी हातात घेतली तरी हलकी लागते. वायरवर आयएस 694 (पीव्हीसी वायरचं भारतीय मानक) आणि आयएसआयची खूण आहे का, तेही बघा.

भावानं शेवटी घर पूर्ण तांब्यात केलं, गिझर आणि एसीला अडीचऐवजी चारची ओढली. कारखान्यात मीटर ते शेड ॲल्युमिनियम, आतलं सगळं तांबं. वर्षातून दोनदा, गड्ड्याआधी आणि उन्हाळा लागायच्या तोंडावर, मेन बंद करून वायरमनकडून सगळे जॉइंट आवळून घ्यायचं ठरलंय. ती तारीख त्यानं बोर्डाच्या झाकणावर खडूनं लिहून ठेवली आहे.