डेल्समधील गावे की लेक डिस्ट्रिक्टमधील? उत्तर इंग्लंडला जाण्यापूर्वी

उत्तर इंग्लंडमधील जुनी गावे आणि त्यांच्या भोवतालचा डोंगराळ मुलूख पाहण्यासाठी चार-पाच दिवस हाती असले, की बहुतेकांच्या मनात पहिले नाव लेक डिस्ट्रिक्टचे येते. सरोवरे आणि डोंगर एकाच दृष्टिक्षेपात सामावणारा तो प्रदेश २०१७ पासून जागतिक वारसा स्थळांच्या यादीतही आहे. त्याला लागूनच पूर्वेकडे यॉर्कशायर डेल्स आहे, आणि २०१६ साली दोन्ही राष्ट्रीय उद्यानांच्या सीमा वाढवल्यापासून त्यांच्यामध्ये एम-६ महामार्गाच्या पट्ट्यापलीकडे फारसे काही उरलेले नाही. तरीही दोन्हींकडचा अनुभव इतका वेगळा आहे, की एकाचा पर्याय म्हणून दुसरे निवडता येत नाही. माझे मत आरंभीच नोंदवतो: डोंगर आणि पाणी पाहायचे असेल, तर लेक डिस्ट्रिक्टला जावे, गाव पाहायचे असेल, म्हणजे गाव तिथे का वसले, कशावर जगले आणि आज जसे दिसते तसे का दिसते हे पायी हिंडत समजून घ्यायचे असेल, तर डेल्सला जावे.

एक गोष्ट आधी लक्षात घ्यायला हवी. तिथले राष्ट्रीय उद्यान म्हणजे आपल्याकडचे अभयारण्य नव्हे. १९५१ साली लेक डिस्ट्रिक्टला आणि १९५४ साली डेल्सला हा दर्जा मिळाला, तो माणसांना बाहेर काढून नव्हे. जमीन आजही मुख्यतः शेतकऱ्यांची, खासगी जमीनदारांची आणि संस्थांची आहे. त्या जमिनींतून जाणाऱ्या पायवाटांवर चालण्याचा हक्क मात्र सर्वांना आहे. आत शिरायला तिकीट नाही. वाटेत लागलेले फाटक आपण गेल्यावर जसे होते तसे लावून घेणे, एवढी शिस्त पाळली म्हणजे कुणाच्याही शेतातल्या पायवाटेने उजळ माथ्याने जाता येते.

डेल म्हणजे खोरे. डेल्समधील बहुतेक खोऱ्यांना त्यांच्या नद्यांचीच नावे आहेत. वेन्सलीडेल हा ठळक अपवाद, कारण तिथली नदी युअर आणि खोऱ्याचे नाव मात्र वेन्सली या गावावरून पडलेले. या सर्व खोऱ्यांत मी प्रथम नाव घेईन ते उत्तरेकडच्या स्वेलडेलचे. गनरसाइड, म्यूकर, थ्वेट, केल्ड ही छोटी गावे एकापासून दुसरे तासा-दीड तासाच्या चालीवर आहेत, आणि त्यांची नावे हजारएक वर्षांपूर्वी स्कँडिनेव्हियाकडून येऊन इथे स्थायिक झालेल्या नॉर्स लोकांच्या भाषेतून आली आहेत. ‘थ्वेट’ म्हणजे झाडी तोडून मोकळी केलेली जागा, ‘केल्ड’ म्हणजे झरा. नकाशावरची नावे वाचतानाच वस्ती कशी झाली असेल, ते डोळ्यांसमोर येऊ लागते.

या खोऱ्यात पाहण्यासारखी सर्वांत मोठी वस्तू म्हणजे कुठलीही एक इमारत नव्हे, तर कुरणांची आखणी. दगडावर दगड रचून, चुना किंवा माती न वापरता बांधलेले गडगे (कोकणातल्या वाचकाला हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही) गावापासून थेट डोंगरमाथ्यापर्यंत चढत जातात. नीट पाहिले, तर त्यांत दोन काळ वेगळे ओळखता येतात. गावाजवळचे गडगे वाकडेतिकडे आणि शेते लहान, कारण ती शतकानुशतके गरजेप्रमाणे आखली गेली. वर डोंगरउतारावरचे गडगे मात्र ओळंब्याने काढल्यासारखे सरळ, कारण अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि एकोणिसाव्याच्या आरंभी संसदेच्या कायद्यांनी सामाईक गायरानांची वाटणी झाली, तेव्हा कागदावर रेघ मारून ते घातले गेले. ज्याची गुरे पूर्वी मोकळ्या डोंगरावर चरत होती, त्या लहान शेतकऱ्याच्या दृष्टीने त्या सरळ रेघेचा अर्थ काय झाला असेल, याचा विचार तिथे उभे राहून केल्याशिवाय राहवत नाही.

प्रत्येक एक-दोन कुरणांआड एक दगडी गोठा दिसतो. खाली हिवाळ्यात गुरे बांधायची, वरच्या माळ्यावर त्याच कुरणातले वाळलेले गवत साठवायचे आणि वसंतात तेथलेच शेण त्याच कुरणाला घालायचे, अशी ती व्यवस्था होती. म्यूकरची कुरणे जूनमध्ये रानफुलांनी भरलेली असतात आणि साधारण जुलैच्या मध्यापासून गवत कापणीला येते. म्हणून स्वेलडेलसाठी जूनसारखा महिना नाही. त्या कुरणांतून जाणारी वाट फरसबंद आहे आणि तिच्यावरून एकामागे एक असेच चालायचे असते, कारण दोन्ही बाजूंचे गवत हे जनावरांचे हिवाळ्याचे अन्न आहे.

ही गावे इतकी जशीच्या तशी कशी राहिली, याचे उत्तर सुखद नाही. इथल्या कुटुंबांचा चरितार्थ शेती आणि शिशाच्या खाणी या दोन पायांवर उभा होता. गनरसाइडच्या वरच्या घळीत डोंगराचे सोललेले उतार आजही दिसतात. माथ्यावर पाणी अडवून ते एकदम सोडायचे आणि माती वाहून गेली की खाली शिशाची शीर उघडी पाडायची, ही जुनी पद्धत होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परदेशातून स्वस्त शिसे येऊ लागले, भाव कोसळले, खाणी बंद पडल्या, आणि लोक लँकेशायरच्या कापडगिरण्यांकडे, डरहॅमच्या कोळसाखाणींकडे आणि समुद्रापार अमेरिकेला निघून गेले. नवी घरे बांधायला कुणी उरले नाही, म्हणून जुनी राहिली. म्यूकरचे आजचे देखणेपण हे त्या स्थलांतराचे रूप आहे, आणि ते ठाऊक असले तर त्या गल्ल्यांतून चालताना पाऊल आपोआप हळू पडते.

केल्डहून ग्रिंटनला जाणारी प्रेतवाट हीदेखील याच खोऱ्यात आहे. वरच्या खोऱ्यात दफनभूमी नव्हती, तेव्हा मृतदेह वेताच्या विणलेल्या पेटीत घालून सुमारे २५ किलोमीटर खाली ग्रिंटनच्या चर्चपर्यंत खांद्यावरून न्यावे लागत. १५८० साली म्यूकरला चर्च झाल्यावर ही यातायात संपली. त्या वाटेचा केल्ड ते म्यूकर हा किस्डन डोंगरावरचा टप्पा अर्ध्या दिवसात आरामात होतो, आणि एकच पदभ्रमण करायचे असेल तर मी हेच सुचवेन.

दक्षिणेकडच्या खोऱ्यांत ग्रासिंग्टन आणि मॅलम ही गावे अधिक प्रसिद्ध आहेत. मॅलमचा सुमारे ८० मीटर उंचीचा अर्धवर्तुळाकार चुनखडीचा कडा आणि त्याच्या माथ्यावरचा भेगाळलेला दगडी सडा विलक्षण आहे; मात्र शनिवार-रविवारी तिथे गर्दी उसळते. वेन्सलीडेलमधल्या हॉझला मंगळवारी बाजार भरतो. तिथल्या वेन्सलीडेल चीजची परंपरा फ्रान्सहून आलेल्या सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या मठवासीयांपर्यंत मागे नेली जाते. १९९२ साली मालक कंपनीने तिथला कारखाना बंद केला, तेव्हा स्थानिक व्यवस्थापकांनीच तो विकत घेऊन पुन्हा सुरू केला. डेंट हे दगडगोटे बसवलेल्या अरुंद गल्ल्यांचे गाव एकेकाळी विणकामासाठी प्रसिद्ध होते आणि तिथे पुरुष, बायका, मुले सगळेच सुया चालवीत.

आता लेक डिस्ट्रिक्ट. इथली गावेही जुनी आहेत, पण ती जपली गेली त्यामागचे कारण नेमके उलटे आहे. ज्यांना हा प्रदेश प्रिय होता आणि ज्यांच्या शब्दाला किंवा पैशाला वजन होते, त्यांनी तो हेतुपुरस्सर जपला. कवी वर्ड्‌स्वर्थ यांनी १८४४ साली विंडरमीरच्या रेल्वेला जाहीर विरोध केला; रेल्वे १८४७ साली आलीच, पण त्या वादातून संरक्षणाचा विचार रुजला. १८९५ साली नॅशनल ट्रस्ट या वारसा आणि निसर्ग जपणाऱ्या संस्थेची स्थापना करणाऱ्या तिघांपैकी हार्डविक रॉन्स्ली हे याच भागातले धर्मगुरू होते. बालकथांच्या लेखिका बीअट्रिक्स पॉटर यांनी १९०५ साली निअर सॉरी येथील हिल टॉप हे शेत घेतले, पुढे हर्डविक जातीच्या मेंढ्या पाळल्या आणि १९४३ साली मृत्यूपश्चात ४,००० एकरांहून अधिक जमीन ट्रस्टला दिली. आज तिथल्या शेतांवर करड्या लोकरीच्या त्याच मेंढ्या चरताना दिसतात, त्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

याच प्रदेशात मार्डेल हे गाव मँचेस्टरला पाणी पुरवण्यासाठी १९३०च्या दशकात हॉजवॉटरच्या जलाशयाखाली गेले, हेही विसरता कामा नये. फार मोठा दुष्काळ पडला, की पाण्यातून त्याचे गडगे वर येतात. धरणाखाली गेलेले गाव म्हणजे काय, हे मराठी वाचकाला सांगण्याची गरज नाही.

लेक डिस्ट्रिक्टमध्ये गावासाठी जायचे तर माझी पसंती हॉक्सहेडला आणि ट्राउटबेकला आहे. हॉक्सहेडच्या मध्यभागी वाहने येत नाहीत. पांढऱ्या भिंतींची, एकमेकींना टेकलेली घरे, कमानीखालून जाणारे बोळ आणि १५८५ साली स्थापन झालेली, वर्ड्‌स्वर्थ जिथे शिकले ती शाळा हे सारे तासाभराच्या आत पायी पाहून होते. ट्राउटबेकला मात्र अर्धा दिवस द्यावा. तिथले टाउनएंड हे घर सतराव्या शतकापासून एकाच शेतकरी कुटुंबाकडे तीनशेहून अधिक वर्षे होते. कोरीव लाकडी सामान आणि पुस्तकांचा संग्रह पाहिल्यावर या भागातला सुस्थित शेतकरी कसा राहत होता, ते कळते. ग्रासमीर सुंदर आहे, वर्ड्‌स्वर्थ यांचे डव्ह कॉटेज आणि त्यांची कबर तिथे आहे, पण उन्हाळ्यात दुपारी ते गाव दुकानांचे आणि पाहुण्यांचे असते. सकाळी लवकर जाणे शक्य नसेल, तर ते वगळले तरी चालेल, असे मला वाटते.

गाडी चालवणार नसाल, तर तुलनेचा काटा लेक डिस्ट्रिक्टकडे स्पष्टपणे झुकतो. लंडनच्या यूस्टन स्थानकातून ऑक्सनहोमला तीन तासांच्या आत पोहोचता येते आणि तिथून छोटी गाडी विंडरमीरला जाते. पुढे केंडल, विंडरमीर, अँबलसाइड, ग्रासमीर आणि केझिक यांना जोडणारी ५५५ क्रमांकाची बस दिवसभर धावते. डेल्समध्ये लीड्सहून स्किप्टनपर्यंत रेल्वे आणि तिथून ग्रासिंग्टनला बस इतपत सोपे आहे. स्वेलडेलमध्ये मात्र रिचमंडहून वर जाणाऱ्या बसच्या दिवसभरात मोजक्याच फेऱ्या असतात, आणि रविवारी बहुधा उन्हाळ्यातच काही मिळते. वेळापत्रक पाहूनच मुक्काम ठरवावा.

रेल्वेबद्दल एक गोष्ट मात्र डेल्सच्या बाजूने सांगितली पाहिजे. सेटल ते कार्लाइल हा १८७६ साली प्रवाशांसाठी खुला झालेला मार्ग १९८०च्या दशकात बंद होणार होता आणि लोकांच्या दीर्घ लढ्यामुळे १९८९ साली वाचला. रिबलहेडचा २४ कमानींचा, ४०० मीटर लांबीचा पूल याच मार्गावर आहे. तो बांधणारे मजूर माळरानावर झोपड्यांत राहिले, आणि त्यांच्यापैकी अनेकांना, त्यांच्या बायकामुलांसह, जवळच्या चॅपल-ल-डेलच्या चर्चच्या आवारात पुरले आहे. पुलाचे छायाचित्र घेतल्यावर तिथेही जाऊन यावे. याच मार्गावरचे डेंट स्थानक डेंट गावापासून सुमारे सात किलोमीटर दूर आणि बरेच उंचावर आहे; नाव वाचून सामानासह तिथे उतरू नये.

आईवडिलांना बरोबर नेणार असाल, तर आणखी एक बारकावा आहे. डेल्समधील पायवाटा गडग्यांमधल्या इतक्या अरुंद फटींतून जातात, की पाय उचलून अंग वळवून पलीकडे जावे लागते. गुडघे दुखत असणाऱ्यांना दिवसातून वीस वेळा ते करणे जड जाते. लेक डिस्ट्रिक्टमध्ये विंडरमीर किंवा अल्सवॉटरवरच्या बोटीत बसून तोच डोंगर विनासायास पाहता येतो. मात्र पावसाची तयारी तिथे अधिक ठेवावी. बॉरोडेलमधील सीथ्वेट हे इंग्लंडमधील सर्वांत जास्त पावसाचे वस्तीचे ठिकाण असून तिथे वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तोही आपल्यासारखा चार महिन्यांत नव्हे, तर वर्षभर. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, डिसेंबरमध्ये चारच्या आतच अंधारून येते. गावे पायी पाहणाऱ्याने मे ते सप्टेंबर यांपलीकडचा काळ टाळावा. जेवणाच्या बाबतीत दोन्हीकडे शाकाहारी माणसाचे अडत नाही, पण अनेक गावांत पब हेच एक भोजनगृह असते आणि दुपार व संध्याकाळ यांच्या मध्ये त्याचे स्वयंपाकघर बंद असते, हे ध्यानात ठेवावे.

ज्यांना समुद्रही हवा आहे, त्यांच्यासाठी पूर्व किनाऱ्यालगतचे नॉर्थ यॉर्क मूर्स हे राष्ट्रीय उद्यान हा तिसरा पर्याय आहे. ऑगस्टच्या मध्यापासून तिथल्या माळांवर हेदर या झुडपाचा जांभळा बहर असतो. ११३२ साली स्थापन झालेल्या रीव्हो मठाचे भग्न अवशेष, उतारावर चिकटलेले रॉबिन हुड्स बे हे कोळ्यांचे गाव आणि १९९ पायऱ्यांवरचा व्हिटबीचा मठ हे दोन दिवसांत होते. लीड्सहून यॉर्कमार्गे व्हिटबीपर्यंत थेट बस आहे, त्यामुळे गाडीविनाही जमते. फक्त दोनच दिवस हाती असतील आणि मुक्काम यॉर्कला असेल, तर डेल्स आणि लेक डिस्ट्रिक्ट दोन्ही पुढच्या खेपेसाठी ठेवून इकडेच जावे. पाच दिवस असतील, तर तीन रात्री स्वेलडेलमधल्या रीथ किंवा म्यूकरला राहून हॉझमार्गे पश्चिमेला उतरावे आणि उरलेल्या दोन रात्री हॉक्सहेडला काढाव्यात.