आरसी गेलेली जुनी गाडी पुन्हा रस्त्यावर: नूतनीकरण, व्हिंटेज नोंदणी की शेडमध्येच?

दोन वर्षांपूर्वी एकाच आठवड्यात मी दोन गाड्या पाहिल्या. पहिली १९७३ ची प्रीमियर प्रेसिडेंट. पत्रा ठणठणीत, क्रोम चकचकीत, इंजिन पहिल्या सेल्फला चालू. आरसी, म्हणजे नोंदणीचं प्रमाणपत्र, नाही. दुसरी १९८२ ची पद्मिनी, बारा वर्षं झाडाखाली उभी. दारांच्या खालचा पत्रा बोटानं तुटत होता, फ्लोअरमधून जमीन दिसत होती. पण मालकाच्या मुलानं कपाटातून एक प्लास्टिकची पिशवी काढली. तिच्यात आरसी बुक, टॅक्सच्या पावत्या आणि विम्याचे जुने कागद होते. मी दुसरी घेतली. मित्रांना ते पटलं नाही. तसाच निर्णय समोर असलेल्यांसाठी हा हिशेब सविस्तर मांडतो.

'पेपर संपलेत' म्हणजे नक्की काय?

विकणारा प्रत्येक जण हेच सांगतो, "पेपर संपलेत, करून घ्या." पण या एका वाक्याखाली तीन अगदी वेगळ्या परिस्थिती लपलेल्या असतात, आणि गाडीची खरी किंमत त्यातली कुठली लागू आहे यावर ठरते.

पहिली, मुदत संपलेली. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ४१ प्रमाणे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षं चालते, पुढे दर खेपेला ५ वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. वाढवली नाही तर गाडी रस्त्यावर आणता येत नाही, पण नोंद जिवंत असते. माझी पद्मिनी यातली.

दुसरी, नोंद संगणकात सापडत नाही. गाडी तीन अक्षरं आणि चार आकड्यांच्या जुन्या नंबराची असते, आरसी हातानं लिहिलेलं पुस्तक असतं आणि परिवहन खात्याच्या 'वाहन' या संगणक प्रणालीत ती चढलेलीच नसते. यासाठी आरटीओत बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते, म्हणजे जुनी नोंद संगणकात चढवून घ्यावी लागते. मूळ पुस्तक हातात असेल तर हे काम वेळखाऊ आहे, अशक्य नाही. पुस्तक नसेल तर कार्यालयाचं जुनं रजिस्टर सापडण्यावर सगळं अवलंबून राहतं.

तिसरी, नोंदणी रद्द झालेली. गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली असं मालकानं स्वतः कळवलं, तर कलम ५५ खाली नोंदणी रद्द होते. आधी निलंबित झालेली नोंदणी सलग सहा महिने निलंबितच राहिली तर कलम ५४ खाली ती रद्द करता येते. रद्द केल्याच्या आदेशावर अपील करता येतं, पण त्याला मुदत ३० दिवसांची. तुम्ही विकत घेताय ती गाडी दहा वर्षांपूर्वी रद्द झाली असेल तर तो दरवाजा कधीच बंद झालेला असतो. आणि गाडी अधिकृत स्क्रॅपिंग केंद्रात जमा होऊन तिची तशी नोंद पडली असेल, तर विषयच संपला. तो चेसिस नंबर पुन्हा रस्त्यावर येत नाही.

तिसऱ्या प्रकारात एक मोठा खड्डा आहे तो जीपवाल्यांसाठी. १ एप्रिल २०२३ पासून सरकारी मालकीच्या गाड्यांची नोंदणी १५ वर्षांनंतर वाढवली जात नाही, आधी वाढवून घेतलेली असली तरी ती रद्द समजली जाते. केंद्र, राज्य, महापालिका, सरकारी महामंडळं, सगळ्यांना हे लागू आहे. त्या गाड्यांनी अधिकृत स्क्रॅपिंग केंद्रातच जायचं असतं. त्यामुळे कुठल्याशा खात्याच्या आवारात उभी असलेली जिप्सी किंवा अ‍ॅम्बेसेडर "लिलावात काढून देतो" असं कुणी म्हणालं, तर पैसे खिशातच ठेवा. त्याआधी लिलाव होऊन खासगी नावावर रीतसर चढलेली गाडी वेगळी. आरसीवर आज खासगी मालकाचं नाव दिसलं पाहिजे, नुसतं लिलावाचं पत्र पुरत नाही.

नूतनीकरण आणि व्हिंटेज: दोन वाटा शेजारी ठेवून

जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी स्वतंत्र नियम आले, आणि तेव्हापासून एक गैरसमज पसरला आहे. प्रेसिडेंटचा विक्रेताही मला हेच म्हणाला होता, "पन्नास वर्षं झाली ना, आता व्हिंटेजमध्ये नवा नंबर मिळतो, जुन्या आरसीची गरज नाही." हे खरं नाही. भारतात आधी नोंदलेल्या गाडीसाठी व्हिंटेजच्या अर्जालाही जुनी आरसी जोडावी लागते. आयात गाडीला बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टम्सचा आयातीचा कागद, लागतं. शिवाय विमा आणि फॉर्म २०, म्हणजे नोंदणीचा अर्ज, असतोच. हरवलेल्या कागदांना ही पळवाट नाही. ज्याचे कागद आहेत, त्याला ती दुसरी वाट आहे एवढंच.

पात्रता पाहा. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी हवी, आणि चेसिस, बॉडी शेल, इंजिन यांत मोठा बदल झालेला नको. म्हणजे आपल्याकडच्या हौशी लोकांचा जीव ज्या गाड्यांत अडकलेला असतो त्यातल्या बहुतेक बाहेरच राहतात. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली, म्हणजे पहिलीवहिली ८०० सुद्धा २०३३ च्या शेवटी पात्र होईल. काँटेसा आणि जिप्सी त्याच्याही नंतर. माझ्या पद्मिनीला २०३२ उजाडेल. या सगळ्यांना आज साधं नूतनीकरण हा एकच मार्ग आहे.

आता पैसे. हे आकडे मी मुद्दाम दहा वर्षांवर पसरून पाहिले, कारण एरवी तुलना फसवी होते. व्हिंटेज नोंदणीची फी २०,००० रुपये, वैधता १० वर्षं, पुढच्या खेपेला ५,००० रुपये. नूतनीकरणाची फी ऑगस्ट २०२५ मध्ये वाढली. २० वर्षांपेक्षा जुन्या मोटारीला आता १०,००० रुपये पडतात, तेही ५ वर्षांसाठी. म्हणजे दहा वर्षांत दोनदा मिळून २०,०००. आयात मोटारीला हाच आकडा एका खेपेला ८०,००० आहे, आणि तिथे गणित साफ व्हिंटेजकडे झुकतं. देशी गाडीसाठी मात्र पहिल्या दहा वर्षांत दोन्ही वाटांची फी सारखीच. नूतनीकरणावर महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा, तोही दर पाच वर्षांनी.

खरा फरक उशिराच्या दंडात पडतो. मोटारीच्या नूतनीकरणाला उशीर झाला की महिन्याला ५०० रुपये चढतात. ६० महिन्यांचे ३०,००० झाले. म्हणून गाडीचा भाव ठरवण्याआधी परिवहनच्या पोर्टलवर फी किती दाखवते ते पाहा आणि तो आकडा विकणाऱ्यासमोर ठेवून भाव करा. मी तसंच केलं आणि मागितलेल्या किमतीतून दंडाची पूर्ण रक्कम वजा करून घेतली.

पण पैसे बाजूला ठेवले तर निर्णय वापरावर होतो. व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती आणि या ठिकाणी जाणं-येणं एवढीच मुभा. रविवारी सकाळी घरच्यांना घेऊन सहज लोणावळ्याला जाणं त्यात बसत नाही. नूतनीकरण केलेली पद्मिनी मात्र कायद्याच्या नजरेत इतर कुठल्याही मोटारीसारखीच मोटार आहे. मला चालवायला गाडी हवी असते, त्यामुळे माझं मत उघड आहे. दोन्ही दारं उघडी असतील तर चालवणाऱ्यानं नूतनीकरण घ्यावं. वर्षातून दोन रॅलींपलीकडे गाडी बाहेर निघणार नसेल, तिचं मूळपण जपायचं असेल, तर व्हिंटेज घ्यावं. आधीपासून नोंद असलेल्या गाडीला व्हिंटेजमध्येही मूळ नंबर ठेवता येतो. नव्यानं नंबर मिळणाऱ्या गाडीच्या पाटीवर मात्र राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं. जुना नंबर जाईल या भीतीनं कुणी मागे राहू नये.

नंबर पत्र्यावर असतो, आणि पत्रा सडतो

इथे सगळ्यात जास्त गाड्या वाया जातात, म्हणून जरा थांबतो.

जीपसारख्या गाडीला वेगळी फ्रेम असते आणि चेसिस नंबर त्या जाड पोलादावर ठोकलेला असतो. पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर किंवा मारुती ८०० मोनोकॉक, म्हणजे बॉडी हाच सांगाडा, आणि नंबर बॉडीच्या पत्र्यावरच. वर्षानुवर्षं पाणी मुरलं की तोच पत्रा फुगतो. डेंटर प्रामाणिकपणे सडका भाग कापतो, नवा जोडतो, वर लांबी (पुट्टी) आणि रंग मारतो. गाडी सुंदर होते आणि नंबर भंगारात जातो. मग पासिंगला, म्हणजे आरटीओच्या तपासणीला, मोटार वाहन निरीक्षक नंबर शोधतो तेव्हा दाखवायला काही उरत नाही. नंबर परत ठोकणं स्वतःच्या मनानं करायचं काम नाही. त्याला आरटीओची परवानगी लागते. परवानगीविना ठोकलेला नंबर आणि चोरीच्या गाडीचा नंबर यांत निरीक्षकाला फरक दिसायचं कारण नाही.

म्हणून कामाचा क्रम उलटा करावा. गाडी पाहायला जाताना मी तारेचा ब्रश, टॉर्च, पेन्सिल आणि पातळ कागद नेतो. नंबरावरचा गंज हलक्या हातानं साफ करायचा, कागद ठेवून पेन्सिल घासायची आणि उमटलेला ठसा आरसीशी एकेक अक्षर ताडून पाहायचा. इंजिनचं तसंच. जुन्या आरसीत लिहिणाऱ्याच्या हातून ३ चा ८ झालेला असतो. ती चूक आधी दुरुस्त करून घेता येते, पासिंगच्या दिवशी ती संशय होऊन उभी राहते. त्यानंतर 'वाहन'वर गाडीची स्थिती, कर्जाचा बोजा, ब्लॅकलिस्टची नोंद पाहायची. गाडी चोरीची नाही ना हे एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) 'वाहन समन्वय' सेवेवर तपासता येतं. हे सगळं डेंटरकडे पहिला रुपया देण्याआधी.

इंजिनचा प्रश्न जीपमध्ये सर्रास येतो. मूळ पेट्रोल इंजिन कधीच काढून डिझेल बसवलेलं असतं आणि आरसीवर अजून पेट्रोलच लिहिलेलं असतं. कलम ५२ प्रमाणे असा बदल मंजुरी घेऊन आरसीवर चढवावा लागतो. मंजुरी नसेल तर मूळ जातीचं इंजिन शोधून परत बसवण्याचा खर्च गाडीच्या किमतीत धरा. व्हिंटेजसाठी तर बदललेलं इंजिन ही थेट अडचण आहे.

मालक कोण?

आरसीवरचा माणूस आणि विकणारा माणूस वेगळे असतील तर मालकी बदलाचे सही केलेले कोरे फॉर्म २९ आणि ३० दाखवले जातात. ते आता फारसे उपयोगाचे नाहीत, कारण नावबदलात ओटीपी नोंदणीकृत मालकाच्या मोबाइलवर जातो. मालक वारला असेल तर फॉर्म ३१ नं आधी वारसाच्या नावावर गाडी येते. माझ्या बाबतीत तीन भावंडं होती. तिघांच्या संमतीची प्रतिज्ञापत्रं मी इसार देताना मागितली, व्यवहारानंतर नाही. परराज्यातली गाडी असेल तर एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र) कुठल्या आरटीओच्या नावानं काढली आहे तेही वाचा.

पासिंगचं तांत्रिक अंग मला तुलनेनं सोपं गेलं. ब्रेक, दिवे, हॉर्न, वायपर, टायर, आणि पीयूसी. जुन्या पेट्रोल मोटारीला आयडलवर कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांच्या आत हवा. इंजिन नीट गरम करून, चोक पूर्ण उघडा आहे ना पाहून मिक्श्चर स्क्रू बसवला की कार्ब्युरेटरची निरोगी गाडी ते सहज देते. गाडी आरटीओपर्यंत टो ट्रकवरच न्या. नोंदणीविना रस्त्यावर सापडल्यास पहिल्या वेळी २,००० ते ५,००० रुपये दंड आहे, आणि गाडी अडकवून ठेवली तर सोडवताना त्याच अपूर्ण कागदांचा प्रश्न पुन्हा येतो.

तिसरा पर्याय, गाडी शेडमध्येच ठेवणं. मी तो कमी लेखत नाही. नोंदणी रद्द झालेली पण मूळ भागांनी भरलेली गाडी दुसऱ्या कागदवाल्या गाडीला दारं, काचा, मीटर, गिअरबॉक्स देऊ शकते. फक्त तिचा भाव सुट्या भागांचाच द्यावा. आणि तिचा चेसिस नंबर असलेला पत्रा कधीही दुसऱ्या गाडीला जोडू नये, कुणी कितीही आग्रह केला तरी.

ती प्रेसिडेंट अजून त्याच शेडमध्ये आहे. भाव निम्म्यावर आलाय, विक्रेत्याचा मला अधूनमधून फोन येतो. मी दर वेळी त्याला एकच विचारतो, मूळ आरटीओच्या रजिस्टरमध्ये तो नंबर शोधलात का? त्या कार्यालयाकडून नोंदीचा उतारा आणि मूळ मालकाच्या वारसांचा पत्ता मिळाला, तर टो ट्रक घेऊन मी दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे असेन.