एनआरएस-२००२ : वॉर्डात आठ महिने वापरल्यानंतर

एनआरएस-२००२ म्हणजे दाखल रुग्णाला पोषणाचा धोका आहे का, हे गुण देऊन ओळखायचा फॉर्म. मेडिसिन आणि सर्जरी, दोन्ही वॉर्डांत आठ महिने रोज वापर झाल्यानंतरचं मत आधीच सांगून टाकतो. फॉर्म चांगला आहे. त्यात भरले जाणारे आकडे पुष्कळदा चांगले नसतात.

कोंड्रुप आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेला हा फॉर्म 'रुग्ण बारीक आहे का' एवढंच विचारत नाही. पोषणाचा आधार दिल्यास कोणाला फायदा होण्याची शक्यता आहे, हे ओळखण्यासाठी तो बनवलाय. रुग्णांना पोषणाचा आधार देऊन आधीच झालेल्या १२८ चाचण्यांवर तो पडताळला गेला होता. म्हणूनच त्यात आजाराच्या तीव्रतेला वेगळे गुण आहेत.

सुरुवातीला चार प्रश्न: बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २०.५ च्या खाली आहे का, तीन महिन्यांत वजन घटलं का, गेल्या आठवड्यात खाणं कमी झालं का, आजार गंभीर आहे का. चारही उत्तरं 'नाही' असतील तर तिथेच थांबायचं आणि आठवड्याने पुन्हा विचारायचं. एक जरी 'हो' आलं तरी पुढचा भाग भरायचा. पोषणस्थितीला ० ते ३, आजाराला ० ते ३, वय ७० किंवा जास्त असेल तर आणखी १. बेरीज ३ झाली की रुग्ण धोक्यात.

समजा रुग्णाचं वय ७४, तीव्र न्यूमोनिया, वजन तीन महिन्यांत ६४ वरून ६० किलो. घट ६.२५ टक्के, म्हणजे १ गुण. पण गेल्या आठवड्यात तो गरजेच्या एक तृतीयांशच जेवलाय, त्याचे २. दोन्हींपैकी जास्त असेल तो गुण धरायचा, बेरीज करायची नाही. आजाराचे २, वयाचा १, एकूण ५.

पहिली चूक भागाकारात होते. घट नेहमी आधीच्या वजनाच्या टक्केवारीत काढायची. ६२.५ वरून ५९.४ किलो ही घट ४.९६ टक्के आहे. चुकून ५९.४ ने भागलं तर ५.२२ येते आणि ५ टक्क्यांची रेघ ओलांडून फुकटचा एक गुण पदरात पडतो.

दुसरी चूक जास्त महाग पडते: वजन विचारून लिहिणं. रुग्ण सांगतो ते वजन कधीचं, हे त्यालाही नक्की माहीत नसतं. बेडच्या काट्यावर मोजताना उशी, चादर, लघवीची पिशवी ठेवूनच आधी शून्य केलेलं असावं. पायाला सूज किंवा जलोदर असेल तर काट्यावरचा आकडा पाण्याचा असतो. स्नायू झिजत असताना वजन 'स्थिर' दिसतं. अशा वेळी वजनाचा रकाना बाजूला ठेवून खाण्यावरून गुण द्यावेत.

खाण्याच्या रकान्यातही खोट आहेच. तुलना रुग्णाच्या नेहमीच्या गरजेशी करायची असते, हॉस्पिटलच्या ताटाशी नाही. 'बरं जेवतो' या उत्तराचा उपयोग शून्य. एरवी चार घास खात असाल तर आता किती, असं विचारलं की निदान अंदाज येतो. तपासणीसाठी उपाशी ठेवलेले दिवसही त्याच आठवड्यात मोजायचे. ते सर्रास विसरले जातात.

जाड रुग्णांकडे दुर्लक्ष होतं, हा दोष मात्र फॉर्मचा नाही, नजरेचा आहे. बीएमआय ३१ असूनही महिन्यात ५ टक्क्यांहून जास्त घट असेल तर थेट ३ गुण. अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) कुठेच विचारलेलं नाही, ते योग्यच. ते सूज-दाह वाढला की घसरतं, पोषण सांगत नाही.

आयसीयूत हा फॉर्म निरुपयोगी वाटला. अपाची (आयसीयूतल्या रुग्णाच्या आजाराची तीव्रता मोजणारा गुणांक) १० च्या वर गेला की आजाराचेच ३ गुण, म्हणजे जवळपास प्रत्येक जण धोक्यात. सगळेच निवडले गेले तर निवड कसली?

गुण काढून पुढे काही होतं का? २०१९ च्या एफर्ट चाचणीत स्वित्झर्लंडमधल्या ८ हॉस्पिटलांतले, ३ किंवा जास्त गुणांचे २०८८ मेडिसिन रुग्ण घेतले होते. उष्मांक-प्रथिनांचं लक्ष्य ठरवून आहार दिलेल्या गटात ३० दिवसांतले मृत्यू ७ टक्के, नेहमीच्या जेवणावरच्या गटात १०. सर्जरीच्या रुग्णाला हे आकडे जसेच्या तसे लावू नयेत. नंतरच्या विश्लेषणात सीआरपी (रक्तातला दाहाचा निर्देशांक) १०० मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या वर असलेल्यांमध्ये हा फायदा दिसला नाही, हेही ध्यानात ठेवावं.

सगळ्यात मोठी उणीव रीफीडिंगची, म्हणजे बरेच दिवस उपाशी असलेल्याला एकदम पूर्ण आहार दिल्यावर होणाऱ्या बिघाडाची. ५ गुण आले म्हणून लगेच पूर्ण उष्मांक सुरू करणं धोक्याचं आहे. पेशी फॉस्फेट आत ओढतात आणि रक्तातली पातळी कोसळते. फॉर्म हे विचारत नाही. नाइस या ब्रिटनमधल्या आरोग्य-मार्गदर्शक संस्थेचे निकष वेगळे लावावे लागतात: बीएमआय १६ च्या खाली, १० दिवसांहून जास्त जवळपास उपाशी, ३ ते ६ महिन्यांत १५ टक्क्यांहून जास्त घट, किंवा खाणं सुरू करण्याआधीच पोटॅशियम, फॉस्फेट, मॅग्नेशियम कमी. यांपैकी एक जरी असलं तरी सुरुवात रोज जास्तीत जास्त १० किलोकॅलरी प्रतिकिलोने, ४ ते ७ दिवसांत वाढ, आणि पहिल्या घासाआधी थायमिन (व्हिटॅमिन बी१).

साप्ताहिक फेरतपासणी बहुतेकदा राहूनच जाते. तिची तारीख औषधांच्या तक्त्यावर लिहिली तर पाळली जाते, कारण तो तक्ता रोज उघडला जातो. पोषणाचा फॉर्म दुसऱ्या दिवशीच फाइलच्या तळाशी गेलेला असतो.