मीटर मागे, फिल्टर रिकामा: जुनी डिझेल ऑटोमॅटिक वॅगन घेताना झालेली फसवणूक

जुनी डिझेल ऑटोमॅटिक स्टेशन वॅगन घ्यायचं मनात असेल तर पैसे देण्याआधी हे वाचा. मीटर मागे फिरवला की गाडीची किंमत फुगते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्याच खोट्या आकड्यामुळे सर्व्हिसचं अख्खं वेळापत्रक चुकतं, आणि मुलं मागे बसलेली असताना भर वेगात टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातले पिस्टन आणि वाल्व्ह एका तालात ठेवणारा पट्टा, तुटण्याची वेळ येऊ शकते. याबद्दल फार कमी लोक बोलतात. आमच्यावर ती वेळ थोडक्यात टळली.

आम्हाला वॅगनच हवी होती. घरात मुलं, वयस्कर सासूबाई, त्यांची व्हीलचेअर. सेडानच्या डिकीत व्हीलचेअर बसत नाही आणि एसयूव्हीत चढणं सासूबाईंना जमत नाही. वॅगन बसायला ठेंगणी, मागे छपरापर्यंत मोकळी, लांबच्या रस्त्याला डिझेल परवडणारं, आणि ऑटोमॅटिक म्हणून आम्ही दोघंही आरामात चालवू शकू असा हिशेब होता. फार महागडी नाही, अगदी साधीही नाही, अशी मधल्या श्रेणीतली गाडी मिळाली. विक्रेत्याने सांगितलं, "एकच मालक, घरगुती वापर, सुट्टीच्या दिवशीच बाहेर निघायची." मीटरवर 78,000 किलोमीटर. सर्व्हिस बुक शिक्क्यांनी भरलेलं. गाडी आतून-बाहेरून चकचकीत, इंजिन सुरू करून तयार ठेवलेलं. चालवून पाहिली तेव्हा गिअर लोण्यासारखे पडत होते.

पहिले काही आठवडे बरे गेले. मग सकाळी थंड गाडी बाहेर काढली की दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरवर जाताना हलकी थरथर जाणवायला लागली. रिव्हर्समधून ड्राइव्हमध्ये टाकलं की क्षणभर काहीच व्हायचं नाही, आणि मग मागून कोणीतरी ढकलल्यासारखा झटका बसायचा. गाडी गरम झाली की सगळं सुरळीत. विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, "ऑटोमॅटिकला तुमची सवय व्हायची आहे मॅडम." मी ऑटोमॅटिक कितीतरी वर्षं चालवते आहे.

ओळखीतून एका मेकॅनिककडे गेले. त्यांनी स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला आणि बराच वेळ एक शब्दही बोलले नाहीत. मग स्क्रीन माझ्याकडे वळवून म्हणाले, "ताई, मीटर काय दाखवतो ते विसरा. इथं बघा." गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटमध्ये एक जुना एरर नोंदलेला होता, आणि तो आला तेव्हा गाडी किती चालली होती तेही शेजारी होतं: 1,96,000 आणि वर काही. मीटरवरचा आकडा बदलणाऱ्याने डॅशबोर्डमधली नोंद बदलली होती, इंजिनच्या युनिटमधलीही बदलली होती, गिअरबॉक्सकडे मात्र त्याचं लक्ष गेलं नव्हतं. आजच्या गाडीत किलोमीटरची नोंद एकाच जागी नसते. डॅशबोर्ड, इंजिन, गिअरबॉक्स, काही कंपन्यांच्या गाड्यांत तर चावीतसुद्धा ती साठवलेली असते. फिरवणारा घाईत असतो, त्यामुळे कुठेतरी काहीतरी सुटतंच.

मग त्यांनी मला ड्रायव्हरच्या बाजूला वाकून बघायला लावलं. ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या पेडलांचे रबर नवेकोरे होते. त्यांच्या डाव्या बाजूला पाय टेकवायची जी पट्टी असते तिच्यावरची नक्षी मात्र पूर्ण घासून गुळगुळीत झाली होती आणि टाचेखालच्या कार्पेटला भोक पडायला आलं होतं. ऑटोमॅटिकमध्ये डाव्या पायाला काही काम नसतं, तो तासन्‌तास त्याच पट्टीवर असतो. गाडी विकायला काढणारे पेडलांचे रबर बदलतात, स्टिअरिंगला नवं चामडं चढवतात, पण ही पट्टी कोणी बदलत नाही. सुट्टीच्या दिवशीच निघणाऱ्या गाडीची पट्टी अशी झिजत नाही.

डिकीत चटई उचलली तर कोपऱ्यात वायरिंगचं एक टोक चिकटपट्टी गुंडाळून दडवलेलं सापडलं. मागच्या बंपरच्या खालच्या कडेला एक चौकोनी खाच होती. गाडीला ट्रेलर ओढायचा हुक होता आणि विकण्यापूर्वी तो काढून टाकला होता. ट्रेलर ओढणं गुन्हा नाही, वॅगन त्यासाठीही घेतात. पण सतत वजन ओढलं की ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल तापतं आणि लवकर खराब होतं. आमच्या गिअरबॉक्सचं ऑइल थोडं काढून पाहिलं तर काळपट होतं आणि जळका वास मारत होता. "लाइफटाइम ऑइल आहे, बदलावं लागत नाही" असं विक्रेते सर्रास सांगतात. झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी मोठी कंपनी स्वतःच तिच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठी 80,000 ते 1,20,000 किलोमीटर किंवा 8 वर्षं झाली की ऑइल बदला म्हणते. आमचा मीटर 78,000 दाखवत होता. म्हणजे त्या आकड्यावर भरवसा ठेवून आम्ही आणखी वर्षभर तरी त्याच जळक्या ऑइलवर गाडी चालवली असती. टायमिंग बेल्टचंही तेच. आमच्या इंजिनाचा बेल्ट ज्या किलोमीटरला बदलायचा तो टप्पा मागे पडून गेला होता, आणि मीटरच्या हिशेबाने तो अजून कितीतरी लांब होता. कव्हर उघडल्यावर बेल्टच्या कडेला बारीक चिरा दिसल्या. हा बेल्ट चालत्या गाडीत तुटला तर बहुतेक डिझेल इंजिनांत पिस्टन वाल्व्हवर आदळतात, इंजिन संपतं आणि भर रस्त्यात गाडी बंद पडते. सासूबाई आणि मुलं त्याच गाडीत बसतात. त्या दिवशी घरी येताना माझे हात कापत होते.

फसवणूक एवढ्यावरच थांबली नव्हती. मेकॅनिकने सायलेन्सरच्या टोकात पांढरा रुमाल फिरवला, तो काजळासारखा काळा होऊन बाहेर आला. युरोपात 2009 पासून लागू झालेल्या प्रदूषणाच्या युरो 5 नियमांनंतरच्या डिझेल गाड्यांना डीपीएफ असतो, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. तो चालू स्थितीत असेल तर सायलेन्सरचं टोक आतून जवळजवळ स्वच्छ राहतं. आमची गाडी लिफ्टवर चढवल्यावर फिल्टरच्या डब्यावर कापून पुन्हा वेल्डिंग केल्याची ओबडधोबड रेघ दिसली. आतली सिरॅमिकची जाळी फोडून काढलेली होती आणि सॉफ्टवेअरमध्ये फिल्टरचं काम बंद करून टाकलं होतं, म्हणून डॅशबोर्डवर दिवा लागत नव्हता. फिल्टरच्या पुढच्या आणि मागच्या दाबातला फरक मोजणारा सेन्सर असतो. इंजिन रेस केलं की तो आकडा वाढायला हवा. आमचा शून्याच्या आसपासच रेंगाळत होता, कारण धुराला अडवायला आत काही उरलंच नव्हतं.

हे का करतात ते समजून घ्यायला हवं. फिल्टरमध्ये साचलेली काजळी जाळायला सुमारे 600 अंश सेल्सियस तापमान लागतं आणि ते थोडा वेळ टिकावं लागतं. त्यासाठी गाडी सलग, बऱ्या वेगात पळावी लागते. बाजार, शाळा, परत घर अशाच छोट्या फेऱ्या झाल्या तर जळणं अर्धवट राहतं, फिल्टर चोंदतो, आणि जाळण्यासाठी जास्तीचं सोडलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. शिवाय इंजिन ऑइलची राख कधीच जळत नाही, ती किलोमीटरगणिक साठतच जाते. खूप चाललेल्या गाडीचा फिल्टर कधीतरी काढून साफ करावा लागतो किंवा बदलावा लागतो, आणि ते खर्चिक काम आहे. म्हणून जाळी फोडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 साली डिझेलच्या धुराला कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात टाकलं. तो धूर आम्ही आमच्या दारात, मुलं सायकल खेळतात तिथे सोडत होतो, आणि आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता. याचा राग माझ्या मनातून अजून जात नाही.

आता मागे वळून पाहताना एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. या वॅगनबद्दल खरं सांगितलं असतं तरी ती वाईट नव्हती. लांब पल्ल्याला दोन लाख किलोमीटर चाललेली, वेळेवर ऑइल बदललेली डिझेल गाडी कित्येकदा कमी चाललेल्या शहरी गाडीपेक्षा ठणठणीत असते. योग्य किंमत, खरा आकडा, बेल्ट आणि गिअरबॉक्सच्या ऑइलचा खर्च आधीच धरलेला, असं असतं तर आम्ही तीच गाडी आनंदाने घेतली असती. त्यामुळे कमी किलोमीटरच्या जुन्या डिझेल ऑटोमॅटिककडे मी आता जास्त संशयाने बघते. एक तर आकडा खोटा असतो, नाही तर गाडी छोट्या फेऱ्यांत कुथत चाललेली असते.

विक्रेत्यासमोर रिपोर्ट ठेवला तेव्हा आधी तो म्हणाला, आम्हालाच अशी मिळाली. मग करारातली ओळ दाखवली: "वाहन जसे आहे तसे स्वीकारले." आम्ही गाडीच्या चॅसी नंबरवरून कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमधली नोंद काढली. तिथे तीन वर्षांपूर्वीच 1,42,000 किलोमीटर लिहिलेले होते. सर्व्हिस बुकातले शिक्के नीट पाहिले तर सगळ्या तारखा एकाच शाईत, एकाच हाताने लिहिलेल्या होत्या. हा कागद हातात आल्यावर त्याचा आवाज खाली आला. "जसे आहे तसे" ही ओळ गाडीचे दोष झाकायला लिहिलेली असते, खोटा आकडा सांगून विकायचा परवाना म्हणून नव्हे, असं वकिलांनी नोटिशीत स्पष्ट लिहिलं. शेवटी त्याने रकमेचा काही भाग परत केला. फिल्टर, बेल्ट आणि गिअरबॉक्सच्या कामाचा सगळा खर्च त्यातून निघाला नाही.

घेणाऱ्यांनी एवढं जरूर करा. गाडी बघायला जाताना आधी सांगा की इंजिन थंड ठेवा, आणि पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून खात्री करा. गरम असेल तर दुसऱ्या दिवशी या. थंड गाडी स्वतः सुरू करा, गिअर पुढे-मागे टाका, पहिली दहा मिनिटं हळू चालवा, कारण गिअरबॉक्सचं दुखणं तेव्हाच बोलतं. स्कॅनर लावायला विक्रेत्याने नकार दिला तर तिथून निघा. साध्या स्कॅनरवरही "कोड (म्हणजे नोंदलेले दोष) पुसल्यापासून चाललेलं अंतर" दिसतं. ते अगदी थोडं असेल, तर तुम्ही येण्यापूर्वी कोणीतरी दोष पुसले आहेत. चॅसी नंबरवरून सर्व्हिसची नोंद विक्रेत्याकडून घेऊ नका, सर्व्हिस सेंटरकडून स्वतः काढा. बेल्जियममध्ये 2006 पासून प्रत्येक दुरुस्तीच्या वेळी किलोमीटर एका सामाईक नोंदवहीत जातात आणि जुनी गाडी विकताना तो दाखला द्यावाच लागतो. अशी सोय जिथे नाही तिथे ही धावपळ आपल्यालाच करावी लागते. आणि करारात विक्रेत्याच्या सहीनिशी दोन वाक्यं लिहून घ्या: मीटरवरचा आकडा खरा आहे, आणि डीपीएफ मूळचा व चालू आहे. प्रामाणिक माणूस लगेच सही करतो. आमच्या विक्रेत्याकडे हे मागितलं असतं तर त्याने काय केलं असतं, याची मला खात्री आहे.

आणि ज्यांनी अशी गाडी आधीच घेतली आहे आणि मनात शंका आहे, त्यांनी भांडण नंतर करावं. आधी टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, गिअरबॉक्सचं ऑइल आणि फिल्टर तपासून घ्या, बदलायचं ते बदला, जुने भाग आणि बिलं जपून ठेवा, प्रत्येक गोष्टीचे तारखेसह फोटो काढा. स्कॅनरचा रिपोर्ट कोड पुसण्याआधी छापून घ्या. दुरुस्तीच्या वेळी कोड पुसले गेले की गिअरबॉक्समधली ती जुनी नोंदही जाते, आणि तीच तुमचा पुरावा असते.