रॅक जॅक घ्यावा की बाटली जॅक?

सोलापुरात अक्कलकोट रोडवरच्या एका मित्राला कारखान्यातले यंत्रमाग हलवायचेत. जॅक कोणता घेऊ, असं त्यानं विचारलं.

बाटली जॅक म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा, बाटलीच्या आकाराचा जॅक. स्वस्त, हलका, थोडा जोर लावला तरी बरेच टन उचलतो. पण खाली शिरायला वीतभर जागा लागते. शिवाय सील गेलं की तेल गळतं आणि माल नकळत खाली बसतो.

रॅक जॅक म्हणजे हँडल फिरवून दातेरी पट्टीवर वर चढणारा जॅक. महाग आणि जड. मात्र त्याचा पंजा जमिनीलगतच्या फटीत शिरतो, आणि दात्यात खटका बसला की माल जागचा हलत नाही. आपल्याकडं सुताची धूळ दात्यांत जाऊन बसते. ती ब्रशनं काढाच, नाहीतर खटका अर्धवट बसतो. खरी काळजी उतरवताना घ्या. जुन्या साध्या खटक्याच्या जॅकचं हँडल भार असताना सुटलं, तर गरगर फिरून मनगट मोडतं. घट्ट धरून सावकाश उलटं फिरवा. चढवताना-उतरवताना दर दोन इंचांना लाकडी ठोकळे बदलत राहा. हात मालाखाली घालूच नका, जॅक कोणताही असो.

मागासारखा बुटका माल वारंवार उचलायचा असेल तर रॅक जॅक. उसाच्या ट्रॉलीचं चाक कधीमधी बदलायला बाटली जॅक पुरतो.