वापरलेली ऑल-व्हील-ड्राइव्ह सेडान: तीन वर्षे आणि ४२,००० किलोमीटरनंतरचा अभिप्राय

ही गाडी मी घेतली तेव्हा ती सात वर्षांची होती आणि मीटरवर ८४,००० किलोमीटर होते. आज मीटर १,२६,००० दाखवतो आहे. मॉडेलचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण एरवी पुढच्या चाकांवर चालणाऱ्या आणि गरज पडली की मागच्या चाकांनाही जोर पुरवणाऱ्या कोणत्याही कौटुंबिक सेडानला पुढील बहुतेक गोष्टी लागू पडतात. गाडीवर मी समाधानी आहे. मात्र हे समाधान टिकले ते दोन गोष्टींकडे वेळेवर लक्ष गेल्यामुळे: चारही टायर आणि मागच्या चाकांना जोर जोडून देणाऱ्या कपलिंगमधले ऑइल. पहिल्या मालकांनी इंजिनाची काळजी अगदी निगुतीने घेतली होती, पण नेमक्या या दोन गोष्टी राहून गेल्या होत्या.

ऑल-व्हील-ड्राइव्ह हे नाव एक असले तरी आतली रचना सगळीकडे सारखी नसते. १९८० साली आलेल्या ऑडी क्वाट्रोमध्ये चारही चाकांना कायम जोर मिळत असे आणि पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगातला फरक मधले डिफरन्शियल सांभाळत असे. १९९८ च्या ऑडी टीटीमध्ये हाल्डेक्स कंपनीचे कपलिंग आले. त्यात मागच्या डिफरन्शियलच्या अलीकडे ऑइलमध्ये बुडालेल्या क्लच प्लेटचा एक गठ्ठा असतो. तो दाबला गेला की मागची चाके ओढू लागतात आणि सैल सोडला की गाडी जवळपास पुढच्या चाकांवरच चालते. माझी गाडी या दुसऱ्या प्रकारची आहे. जुनी गाडी बघताना ती कोणत्या प्रकारची आहे हे आधी विचारावे, कारण देखभालीची यादी त्यावरच ठरते.

चालवण्याचा अनुभव निर्विवादपणे चांगला आहे. ओल्या चढावर, गाडीत पाच माणसे आणि डिकी भरलेली असताना, थांबलेल्या जागेवरून निघायचे असेल तर पुढची चाके फिरत राहण्याचा प्रकार होत नाही. गाडी शांतपणे उचलते. ओलसर मातीच्या मोकळ्या जागेतून बाहेर पडताना मला एकदाही कोणाला धक्का मारायला बोलवावे लागलेले नाही. परंतु एक गैरसमज मी कळकळीने दूर करू इच्छितो: ही व्यवस्था गाडी पुढे काढते, थांबवत नाही. ब्रेक प्रत्येक गाडीत चारही चाकांनाच लागतात आणि थांबण्याचे अंतर टायरच्या पकडीवर अवलंबून असते. सहज निघणारी गाडी तितक्याच सहज थांबेल असे मनाला वाटू लागते, आणि धोका तिथेच आहे.

आता त्रासाविषयी. गाडी घेऊन चार महिने झाले असतील, तेव्हा पुढच्या डाव्या टायरची बाजू फाटली आणि मी तेवढा एकच टायर नवा घातला. बाकीच्या तिघांची नक्षी साधारण ४ मिलिमीटर उरली होती, तर नव्याची ८. माझ्या आधीच्या गाड्यांत एवढ्याने काहीच बिघडले नसते. इथे मात्र काही आठवड्यांत, पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून सावकाश फिरताना, मागच्या सीटखालून थरथर जाणवू लागली. जणू कोणी मागून गाडी अडखळत धरून ठेवते आहे.

कारण हिशेबाने समजते. २०५/५५ आर१६ मापाचा नवा टायर एका किलोमीटरमध्ये साधारण ५०४ फेरे घेतो, तर ४ मिलिमीटर झिजलेला तोच टायर ५१०. एका चाकामागे सहा फेऱ्यांचा हा फरक त्या ॲक्सलच्या, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांच्या जोडीच्या, सरासरीत निम्मा होतो, तरीही पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमध्ये दर १०० किलोमीटरला सुमारे ३०० फेऱ्यांची तफावत उरते. पुढची-मागची चाके कधीच एका गतीने फिरत नसल्यामुळे कपलिंग जेव्हा जेव्हा दाबले जाते तेव्हा प्लेट एकमेकींवर घासतात, ऑइल तापते आणि लवकर खराब होते.

गॅरेजमध्ये कपलिंगचे ऑइल काढले तेव्हा ते शाईसारखे काळे निघाले आणि त्याला जळका वास होता. सर्व्हिस बुकात इंजिन ऑइलच्या सगळ्या नोंदी वेळच्या वेळी होत्या. कपलिंगची एकही नव्हती. त्याहून महत्त्वाची निघाली ती पंपाची जाळी; हाच पंप ऑइलच्या दाबाने कपलिंगच्या प्लेट दाबतो. हाल्डेक्सच्या काही पिढ्यांत बदलता येण्याजोगा फिल्टर असतो, परंतु पाचव्या पिढीत तो नाही; तिथे पंप बाहेर काढून त्यावरची बारीक जाळी धुवावी लागते, आणि नुसते ऑइल बदलून भागत नाही. माझ्या पंपाच्या जाळीवर प्लेटच्या झिजेचा चिखल इतका बसला होता की छिद्रे दिसत नव्हती. अशी जाळी पूर्ण तुंबली की पंपावर ताण येऊन तो जळतो, आणि मागच्या चाकांचा जोर गुपचूप बंद होतो. कोरड्या रस्त्यावर मालकाला ते कळतही नाही. जाळी साफ करून नवे ऑइल भरल्यावर थरथर बरीच कमी झाली. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच नमुन्याचे आणि नवे घातल्यावर ती पूर्ण थांबली. काही ठिकाणी नवा टायर मशीनवर घासून जुन्यांच्या बरोबरीला आणून देतात. तशी सोय असेल तर संपूर्ण संचाचा खर्च वाचतो.

म्हणून अशी गाडी पाहायला जाताना बॉनेट उघडण्याआधी चारही टायरची नक्षी मोजावी. तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे टायर दिसले तर आतली झीज गृहीत धरूनच बोलणी करावीत. त्यानंतर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून मोकळ्या जागेत सावकाश गोल फिरावे, आणि कच्च्या जमिनीवर झटक्यात निघून पाहावे. पुढची चाके माती उडवत राहिली आणि मागची नुसती घरंगळत आली, तर कपलिंग काम करत नाही.

अॅव्हरेज अर्थातच कमी मिळते, कारण जास्तीचे वजन आणि फिरणारे जास्तीचे भाग सतत ओढावे लागतात. मागे मधोमध प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे मागच्या चाकांकडे जोर नेणाऱ्या दांड्याचा, उंचवटा आहे, त्यामुळे लांबच्या प्रवासात मधल्या माणसाला पाय दोन्हीकडे टाकून बसावे लागते. स्टेपनी लहान मापाची असेल तर ती पंक्चर काढण्याच्या दुकानापर्यंतच वापरावी, आणि गाडी बंद पडल्यास दोन चाके जमिनीवर ठेवून ओढून नेण्याऐवजी ती पूर्ण उचलून न्यायला सांगावे.

दुसऱ्यांदा कपलिंगचे ऑइल मी १,१८,००० किलोमीटरला बदलून घेतले आणि पंप काढताना स्वतः शेजारी उभा राहिलो. ऑइल मधासारख्या रंगाचे होते. जाळीवर करड्या रंगाचा पातळ थर होता. तो बोटाने पुसला तेव्हा खालची छिद्रे सगळी मोकळी दिसली.