वानवडीतलं पाळणाघर: पहाटे पावणेसहाला उघडतं

लष्करातल्या युनिफॉर्मवाल्या आयांसाठी लिहितेय. नाव मुद्दाम टाकत नाहीये, खाली तक्रारपण आहे. 5 पैकी 4.

पुण्यात पाळणाघरं पैशाला पासरी, पण उघडतात साडेआठला. आयटीवाल्यांना चालतं ते, आमची पीटी सहाला असते आणि फॉल-इनला, म्हणजे रांगेत हजेरीला, "बाळ रडत होतं" हे कुणी ऐकून घेत नाही, घ्यावंही नाही म्हणा. नवराही लष्करात, फील्डला म्हणजे कुटुंब नेता येत नाही अशा पोस्टिंगला, सासूबाई साताऱ्याला आणि त्यांचे गुडघे गेलेत, मग उरतं कोण?

इथे काकू पावणेसहाला गेट उघडून उभ्या असतात, गाऊनवर स्वेटर, हातात वही. मूल घेतानाच विचारतात रात्री झोपलं का, शेवटचं दूध कधी, शी झाली का, आणि उभ्या उभ्या लिहून घेतात. काढून ठेवलेलं दूध देणार असाल तर बाटलीवर तारीख-वेळेची चिकटपट्टी पायजेच, नसेल तर बाटली परत, वाद घालायचा नाही. दोघंही फोनवर सापडले नाहीत तर कोण येणार त्याची नावं फोटोसकट आधीच घेतात. एक्सरसाइजला, म्हणजे युद्धसरावाला, गेलं की फोन लागत नाही हे बाकीच्या ठिकाणी सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला होता. एकदा युनिटचा जवान घ्यायला गेला तर यादीत नाही म्हणून मूल दिलं नाही, मला तर तेच आवडलं. फी जास्त आहे, पण मूव्ह ऑर्डर (बदलीचा हुकूम) दाखवली की डिपॉझिट परत, वर्षभराचं लॉक-इन वगैरे भानगड नाही.

लोक म्हणतात तुम्हाला सुट्टी मिळते की. मिळते ना, आम्हा अधिकारी बायकांना 180 दिवस मॅटर्निटी, शिवाय अख्ख्या नोकरीत 360 दिवस चाइल्ड केअर लीव्ह, मूल 18 चं होईपर्यंत, आणि 2023 च्या नोव्हेंबरात अधिकारी नसलेल्या, जवान म्हणून भरती झालेल्या मुलींनाही तेच नियम मंजूर झाले, चांगलंच झालं. पण सगळी आत्ताच उडवली तर पोराच्या दहावीला काय करणार? शॉर्ट सर्व्हिसची, म्हणजे ठराविक मुदतीच्या नोकरीची, 10 वर्षं, वाढवून 14, आणि पर्मनंट कमिशनचा (निवृत्तीपर्यंत कायम नोकरीचा) निवड बोर्ड नेमका पोर लहान असतानाच येतो, तिथे कोर्स, रिपोर्ट, फिटनेस सगळं बघतात. 2020 ला सुप्रीम कोर्टाने बायकांना पर्मनंट कमिशनची वाट मोकळी केली, पण पहाटे पोराला कुठे ठेवायचं हे कोर्ट थोडीच सांगणार. माझ्या ओळखीतल्या एकीने बोर्डासाठी विलिंगनेसच, म्हणजे लेखी तयारीच, दिली नाही, कारण विचाराल तर एवढंच, सांभाळायला कुणी नाही.

आता तक्रार. यांना इन्स्टाचं भारी वेड. माझ्या लेकीचा फोटो, तिचं नाव आणि वर "आर्मी मम्मा" लिहून टाकलेला, मी युनिफॉर्ममध्ये मागे दिसतेय! माहिती फुटू नये म्हणून आम्हाला 2020 मध्ये इन्स्टासकट 89 अ‍ॅप काढायला लावले होते, काकूंच्या सुनेला हे समजावताना ती म्हणे "अहो ताई, छान तर आलाय". काढला शेवटी, पण तोंड वाकडं करून. अ‍ॅडमिशनच्या वेळीच "फोटो नको" हे लिहून द्या. खायला बिस्किटं जरा जास्तच, वरण-भात मात्र ताजा असतो.

रात्रीची सोय नाही, रविवारी बंद. रविवारी ड्यूटी लागली आणि काकू "आधी सांगा, बघू" म्हणाल्या तर त्या "बघू"च्या भरवशावर राहू नका.